घोळीची सवत

अमरावतीला अकरा वर्षं मी जिच्या खोलीत भाड्याने राहिले, तिने पहिल्या वर्षी माझं तोंड धड पाहिलं होतं की नाही, याची मला अजून शंका आहे. ती सदैव जमिनीकडे बघून चालायची. बांधावरून जाताना, रस्त्याने जाताना, लग्नाच्या मांडवातसुद्धा. मांडवाच्या खांबाशी काही हिरवं उगवलेलं दिसलं की नवरानवरी राहिली बाजूला, ही तिथे उकिडवी बसलेली असायची. माणसं ती पायांवरून ओळखायची. मी एकदा नव्या चपला घालून आले तर दारातच तिने विचारलं, "कोन व्हय वं?"

ती माळ्याची बाई. बडनेऱ्याच्या रस्त्याला शहर संपत असे, तिथे त्यांचा मळा होता. विहीर, मोट, वांगी, मिरच्या, भेंडी, कडेला झेंडू. मळ्याच्या तोंडाशी दोन खोल्या होत्या, त्यातली एक मी घेतली. सगळी वस्ती तिला मावशी म्हणायची, मीही म्हणू लागले. तिचं खरं नाव मला कधी कळलं नाही आणि विचारायची वेळही आली नाही.

खोली बघायला गेले तेव्हा तिने ना माझं गाव विचारलं ना जात. वाफ्यात बसल्या बसल्या म्हणाली, "रानातली भाजी खातेस का?"

"खाईन की."

"खाईन नाई. खातेस का?"

"आजवर नाही खाल्ली."

"मंग राय," ती म्हणाली. आधीची भाडेकरीण रानभाजीतली जाणकार होती आणि पहाटे उठून मावशीच्या आधी तोडून नेत असे, हे मला नंतर कळलं. मावशीला अडाणी भाडेकरू हवा होता. तो तिला मिळाला.

माझी त्या वेळची परिस्थिती सांगून टाकते, कारण पुढे ती लागेल. मी पंचविशीची, विधवा, नुकती नॉर्मल स्कूलमधून शिक्षिका होऊन बाहेर पडलेली. मुलींच्या शाळेत तात्पुरती नेमणूक मिळाली होती. तपासणी चांगली झाली तर नागपूरहून कायम केल्याचा कागद येणार, नाहीतर अकोल्याला दिरांच्या घरी परत. दीर वकील होते, माणूस वाईट नव्हता. पण तिथे माझ्यासाठी माजघराचा एक कोपरा, एक पाटा-वरवंटा आणि सहा पुतण्यांचं धुणं तयार होतं. मला ते करायचं नव्हतं. यात रडण्यासारखं काही नाही. मला नोकरी हवी होती, एवढंच.

मावशीच्या आयुष्याला एकच कायदा होता. "जे पेरलं थे इकाचं, जे उगवलं थे खायाचं." मळ्यात पेरलेलं सगळं गुजरीत, म्हणजे भाजीबाजारात, विकायला जाई. घरात शिजे ते फक्त आपोआप उगवलेलं. बांधावरचा तरोटा, पाटाच्या कडेची पाथरी, काटेमाठ, आणि सगळ्यात वर घोळ. घोळीला ती घोय म्हणायची आणि असं म्हणायची की जणू सासरी नांदणारी लेक आहे.

या कायद्याचा त्रास तिच्या नवऱ्याला होता. तो बिचारा जन्मभर वांगी लावत आला, आणि वांगं हा त्याचा जीव की प्राण. घरात वांगं शिजायचं नाही. म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी तो धोतर झटकून चांदूर बाजारला बहिणीकडे निघायचा.

"भाऊ, काहून जाऊन राहिले?" रस्त्यात कोणी विचारलं तर म्हणायचा, "बहिनीची लय याद येते."

मावशी वाफ्यातूनच ओरडायची, "बहिनीले म्हनावं भरतात मिरची कमी टाक! मागच्या खेपेले पोट बिघडून आला व्हता."

तो चालू लागायचा. दोन दिवसांनी परत येताना चेहरा असा तुकतुकीत की कोणी म्हणावं, माणूस काशीला जाऊन आला.

गुजरीत मात्र तिचा हा कायदा इतर भाजीवाल्या बायकांना जाचायचा. वांग्याच्या टोपलीत एका बाजूला ती घोळीची जुडी ठेवायची. कोणी हात लावला की ती देऊन टाकायची, पण विकायची नाही. मी एकदा तिच्याबरोबर गेले होते. एका वकिलाच्या बायकोने घोळीची जुडी उचलली.

"ही कशी दिली?"

"ने."

"पण कशी?"

"म्हनलं ना, ने. मी काय पेरली हाय?"

त्या बाईंचा चेहरा बदलला. "आम्ही फुकट घ्यायला आलो आहोत का? आम्ही कोण वाटलो तुला?"

"तुमी कोनी असा," मावशी म्हणाली. "घ्याची असन तं घ्या, नाई तं ठेवा. आपोआप उगवल्याचे पैशे मी घेत नाई. देवाले का तोंड दाखवू?"

शेजारची भाजीवाली कपाळाला हात लावून मला म्हणाली, "मास्तरीन, या बाईले समजाव वं! हे फुकट वाटते अन् आमची मेथी सुकून जाते."

वकिलीणबाई जुडी टाकून गेल्या. थोड्या वेळाने त्यांची मोलकरीण गुपचूप येऊन ती जुडी घेऊन गेली. मावशीने मान वर केली नाही. मोलकरणीच्या पायांकडे बघून म्हणाली, "लसून जास्त टाकाले सांगजो."

तिच्या हातचं घोळीचं पातळ मी अकरा वर्षं खाल्लं. तुरीची डाळ मऊ शिजवायची. त्यात मूठभर ज्वारीच्या कण्या आणि ठेचलेली हिरवी मिरची. घोळ कोवळ्या काड्यांसकट हाताने तोडून घालायची, विळीला लावायची नाही. घोळ मुळात आंबट, म्हणून चिंच नको. शेवटी जवसाच्या तेलात लसणाची चरचरीत फोडणी. हे पातळ भाकरीवर धरलं तर थांबत नाही आणि वाटीत ओतलं तर हलत नाही. बुळबुळीत लागतं, पहिल्या घासाला नको वाटतं, आणि तिसऱ्या घासाला माणूस दुसरी भाकरी मागतो. आमच्या घरी विधवेला लसूण चालत नसे. माझी चूल मी वेगळी मांडली होती. पण एका संध्याकाळी शाळेतून दमून आले तेव्हा मावशीने न विचारता भाकरी आणि वाटी पुढे सरकवली. मी खाल्लं. दुसऱ्या दिवसापासून माझी चूल फक्त चहाला पेटली.

मावशीचा सगळा जीव होता निवडण्यात. त्याचं कारण असं, की घोळीच्या शेजारी घोळीसारखंच दिसणारं एक तण उगवतं. तेही जमिनीला धरून पसरतं, त्याचीही काडी तांबूस. घोळीचं पान जाड आणि रसरशीत, त्याचं पातळ. पण कोवळं असलं आणि वर पाणी पडलेलं असलं की भल्याभल्यांना फरक कळत नाही. काडी मोडली की मात्र कळतं. घोळीतून पाणी येतं, त्याच्यातून पांढरं दूध. ते पोटात गेलं की पोटात मुरडा येतो. मावशी त्याचं नाव घेत नसे. ती त्याला घोळीची सवत म्हणायची.

"सवत कशी असते?" ती मला शिकवायची. "एकाच घरात राह्यते, एकच लुगडं नेसते, लांबून पाहनाऱ्याले वाटते तेच हाय. मोडली का मंग समजते."

म्हणून प्रत्येक काडी मोडायची. अर्धी टोपली निवडायला तिला तास लागायचा आणि त्या तासात ती कोणाशी बोलायची नाही. एकदा घरात पाहुणे जेवायला बसले होते, पानं मांडलेली, आणि ही दारात बसून एकेक काडी मोडत होती. पाहुणा म्हणाला, "वहिनी, आता होऊ द्या न बापा." ती म्हणाली, "भूक लागली असन तं भाकर मीठ खाय." त्याने खाल्लं.

मला तो सगळा प्रकार अती वाटायचा. शिकलेल्या माणसाला वाटतं तसं मलाही वाटायचं की एकदा फरक कळला की डोळ्यांनी भागतं.

तपासणीचा दिवस ठरला तो आश्विनात. नागपूरहून तपासणीस बाई येणार होत्या. वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांतात, त्यामुळे आमचं सगळं बरंवाईट नागपूरहून यायचं. गृहकृत्यांचा पाठ माझ्याकडे होता. मोठ्या बाईंचं, म्हणजे मुख्याध्यापिकांचं म्हणणं, मुलींकडून शिरा करून घ्यावा. मी म्हटलं, शिरा कोणीही करील. आपल्या भागातलं, गरिबाला परवडणारं अन्न मुलींनी स्वतः तोडून, निवडून, शिजवून दाखवलं तर बाईंच्या लक्षात राहील. मोठ्या बाई नाक मुरडून म्हणाल्या, "बघा बुवा. तुमची जबाबदारी."

मावशी खूष झाली. तिचा सगळ्यात मोठा पितळी गंज, म्हणजे पातेलं, तिने घासून दिला. आदल्या संध्याकाळी बजावलं, "बाई दुपारी तीनले येनार हाय ना? मी गुजरीतून येऊस्तोर तोडू नको. मंग संग बसून निवडू."

सकाळी शाळेत गेले तर निरोप आलेला, बाई बाराला येणार. मावशी गुजरीत. मी घड्याळ बघितलं आणि चौथीच्या आठ मुली घेऊन मळ्यात गेले. उत्तरेकडच्या वाफ्याला नुकतंच पाणी दिलेलं होतं. घोळ नुसती लवलवत होती. मुलींनी मुठीमुठीने उपटली. शाळेच्या मागच्या अंगणात आणून आम्ही सुपात निवडली. मी हरळी काढली, माती झटकली, पिवळी पानं टाकली. काड्या मोडत बसायला वेळ नव्हता. अर्धी टोपली धुऊन गंजात गेली. अर्धी ओल्या फडक्याखाली राहिली. फोडणी मी स्वतः दिली. वास सगळ्या शाळाभर गेला. पहिलीच्या वर्गातून कोणीतरी ओरडलं, "घोय व्हय रे!"

पलीकडच्या वर्गात तपासणीस बाई मुलींना भागाकार विचारत होत्या. मुली द्रोण घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. तेवढ्यात मागच्या फाटकातून मावशी आली. डोक्यावर रिकामी टोपली, तोंडाने दम टाकते आहे. गुजरीतून परतताना तिला उपटलेला वाफा दिसला होता आणि ती तशीच तरातरा शाळेत आली होती.

"निवडली कोनं?"

"मी आणि मुलींनी."

"कचरा कुठं हाय?"

मी सूप दाखवलं. मला वाटलं, स्वच्छ कामाचं कौतुक करील. ती उकिडवी बसली आणि सुपातला कचरा बोटाने पसरून बघू लागली. हरळी, माती, पिवळी पानं, एक गोगलगाय.

"यात सवती कुठं हायेत?"

"एकही नव्हती," मी म्हटलं. जरा ऐटीतच म्हटलं.

"उत्तरेकडच्या वाफ्यातली व्हय ना?"

"हो."

"त्या वाफ्यात मूठभर घोय काढली तं दोन-तीन काड्या सवतीच्या येतेच येतेत. माह्या हातालेबी येतेत. तुह्या कचऱ्यात एकबी नाई." ती उठली आणि गंजाकडे बघत म्हणाली, "मंग कुठं गेल्या?"

उत्तर चुलीवर उकळत होतं.

"मावशी," मी हळू आवाजात म्हटलं, "एखादी काडी गेली असेल. शिजून गेली. काय होतं त्याने?"

"एक गेली का दहा, तुले मालूम हाय का?"

"नाही."

"मंग?"

"बाई आत्ता येऊन राहिल्या आहेत. माझी नोकरी आहे ही. आज बिघडलं तर अकोला."

"हाव. मालूम हाय मले." ती हाताची घडी घालून उभी राहिली. "ओत."

"तुम्ही ओता. गंज तुमचा आहे."

"गंज माहा हाय, भाजी तुही हाय. मी ओतली तं जलमभर म्हनशीन, मावशीनं नोकरी घालवली. तूच ओत."

मी उभीच होते. खरं सांगते, माझ्या मनात वाढायचंच होतं. दोन-चार काड्यांनी कोणी मरत नाही हे मला तेव्हाही ठाऊक होतं. आठ मुली, प्रत्येकी एक द्रोण, बाईंना एक वाटी, वहीत चांगला शेरा, संपलं. भागाकार संपत आल्याचा आवाज येत होता. रांगेतली सगळ्यात लहान मुलगी द्रोण पुढे करून म्हणाली, "बाई, मले आंधी वाढा. खालचं घट्ट घट्ट वाढा."

मी दोन फडकी घेतली, गंज उचलला आणि कडुनिंबाच्या बुंध्याशी सगळा पालथा केला.

त्याच क्षणी तपासणीस बाई आणि मोठ्या बाई अंगणात आल्या. समोर हिरवा चिखल, वर वाफ, आठ मुली रिकामे द्रोण घेऊन उभ्या, आणि माझ्या हातात रिकामा गंज.

"हे काय?" तपासणीस बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, "भाजी सांडली."

"सांडली नाई," मागून मावशी म्हणाली. "ओतली."

मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. तपासणीस बाई मावशीकडे वळल्या. "आपण कोण?"

"गंजवाली."

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. बाराचा निरोप, ओला वाफा, न मोडलेल्या काड्या, कचऱ्यात न सापडलेलं तण. थांबत थांबत नाही, वर्गात धडा सांगावा तसं सांगितलं. तपासणीस बाई ऐकत होत्या. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं.

"म्हणजे मुलींना विषारी पाला खायला देणार होतात?"

मी उत्तर द्यायच्या आत मावशी म्हणाली, "मरनार नवती कोनी. दोन दिस पोट धरून बसल्या असत्या."

"एवढंच असेल तर ओतायची काय गरज होती?"

मला वाटलं, ती मुलींच्या जिवाचं काही बोलेल. पण मावशीला तपासणीस बाईंच्या प्रश्नाचंच नवल वाटलं.

"का म्हन्ते बाई तू! पोट्ट्या घरी जाऊन का सांगतीन? शायेत घोय खाल्ली न पोट दुखलं. मंग त्यायच्या माया घरात घोय येऊ देतीन का? चुकली मास्तरीन, अन् नाव जाईन घोयीचं!"

दहा माणसांच्या देखत नागपूरच्या अधिकारीणबाईंना 'तू' म्हटलं गेल्याने मोठ्या बाईंचा रंग उडाला. तपासणीस बाई मात्र पहिल्यांदा हसल्या. अगदी थोडं. मग म्हणाल्या, "ती उरलेली टोपली आणा."

त्या सरळ बसकरावर बसल्या. मुली भोवती बसल्या. मावशी मधोमध. एकेक काडी मोडायची, पाणी आलं की इकडे, दूध आलं की तिकडे. बोलायचं नाही. मोठ्या बाईंनाही बसावं लागलं. अर्ध्या टोपलीत तेवीस काड्या निघाल्या. त्यातली एक खुद्द तपासणीस बाईंनी मोडली आणि बोटावरचं दूध नवलाने बघू लागल्या.

"डोयाले लावू नको," मावशी म्हणाली. "धू आंधी."

बाईंनी बोट धुतलं. मग आम्ही उरलेली घोळ शिजवली. तपासणीस बाईंनी दोन वाट्या खाल्ल्या. मावशीने खाल्ली नाही, कारण फोडणी माझी होती आणि लसूण तिच्या मते कच्चा राहिला होता.

दिवाळीनंतर नागपूरहून कागद आला. मला कायम केलेलं नव्हतं. पदार्थ निवडण्यात निष्काळजीपणा झाला, सबब तात्पुरती नेमणूक आणखी सहा महिने चालू ठेवावी आणि चैत्रात पुन्हा पाठ बघावा. खाली एक ओळ होती की शिक्षिकेने झालेली चूक पूर्णपणे सांगितली.

पूर्णपणे सांगायला लावलं कोणी, ते मला माहीत होतं. मी मावशीशी बोलणं सोडलं. भाजी ओतायला लावली याचा राग नव्हता. 'सांडली' एवढा एक शब्द माझ्यासाठी तिला गिळता आला नाही, याचा होता. आता सहा महिने माझं बिऱ्हाड असं बांधून ठेवल्यासारखं राहणार होतं आणि दिरांचं पत्र आलंच होतं, "केव्हा येतेस?"

मावशीला आठ दिवस माझा अबोला कळलाच नाही. नवव्या दिवशी भिंतीपलीकडून ऐकू आलं. "मास्तरीन बोलत नाई काहून?"

नवरा म्हणाला, "तू तिले बोलू देशीन तवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात अर्धी टोपली न निवडलेला पाला ठेवलेला होता. मी तो तसाच राहू दिला. संध्याकाळी तो तिथेच सुकला. तिसऱ्या दिवशी नवा. पाचव्या दिवशी पुन्हा. ती काही बोलत नव्हती, समजावत नव्हती, माफी तर मागणारच नव्हती, कारण तिच्या दृष्टीने मागण्यासारखं काही घडलंच नव्हतं. टोपली मात्र चुकत नव्हती. अखेर एका रविवारी मी पायरीवर बसले आणि मोडायला लागले. रागाने मोडायला लागले, पण मोडायला लागले. थंडीत घोळ कमी झाली तेव्हा टोपलीत इतर पाला येऊ लागला आणि प्रत्येकाची सवत वेगळी निघाली. माघ संपेपर्यंत माझी बोटं न बघता ओळखू लागली होती. आमचं बोलणं केव्हा सुरू झालं ते आठवत नाही. बहुधा "हे काय व्हय?" आणि "फेक ते" असंच सुरू झालं असेल.

चैत्रात तपासणीस बाई आल्या. या वेळी वेळ न कळवता, सकाळच्या शाळेत, साडेसातला. म्हणाल्या, "पाठ द्या." मी मुलींना घेऊन मळ्यात गेले, तोडली, आणली, निवडायला बसवली. मुली गप्प बसून मोडत होत्या. बाई गंजाकडे फिरकल्यादेखील नाहीत. त्या सरळ सुपापाशी गेल्या, कचरा बोटाने पसरला, दूध आलेल्या काड्या मोजल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, "वाढा."

वीस दिवसांनी कागद आला. मी शाळेतून घरी न जाता थेट वाफ्यात गेले. मावशी भेंडीत खुरपं घेऊन बसली होती.

"मावशी, मला कायम केलं."

"म्हन्जे?"

"म्हणजे आता मला कोणी काढू शकत नाही. अकोल्याला जायचं नाही."

"बरं झालं." खुरपं चालूच होतं. एक तण उपटून टाकत तिने विचारलं, "मंग आता तुले रजा भेटन का?"

"मिळेल."

"मंग उद्या घे. ह्यायले दोन दिसापासून ताप हाय. भेंडी निरा तनानं भरली, मोट धराले कोनी नाई."

मी जरा चिडलेच. "दोन दिवसांपासून ताप आहे, तर काल का नाही सांगितलं? मी आले असते."

तिने मान वर केली. मला वाटतं, माझ्या तोंडाकडे तिने त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं.

"तात्पुरतीले कोन काम सांगन वं?" ती म्हणाली. "आज शिकवाचं, उद्या गेली तं?"

"आणि सहा महिने टोपल्या ठेवत होतात त्या?"

"थे शिकनं व्हतं. हे काम हाय."

खोलीत आले, दौत काढली आणि रजेचा अर्ज लिहिला. नोकरीतला माझा पहिला अर्ज. मोठ्या बाई कारणावर अडून बसतात हे ठाऊक होतं, म्हणून ते सरळ, सुवाच्य अक्षरात लिहिलं: घरचं काम.